मिया म्हणजे कोण?

पाळण्यावर वाकले आणि भाचीने माझं बोट घट्ट धरलं. बारशाला बायका जमल्या होत्या, पण माझा राग उतरला नव्हता. नाव ठेवायचा मान आत्याचा. काजूचा धंदा मी एकटीने उभा केला, माझा भाव कुणाला पाडू दिला नाही. इथे मात्र भावाने मला न विचारताच नाव ठरवलं, तेही इटालियन.

“वन्सं, किती गोड नावं आहेत त्यांची,” माझी पुण्याची भावजय काल सांगत होती. “स्टेला म्हणजे तारा, पेर्ला म्हणजे मोती, आल्बा म्हणजे पहाट.”

“म्हणजे माल आपलाच, पिशवी तेवढी परदेशी! तुम्ही कुठलं घेतलंत?”

“मिया. म्हणजे माझी.”

मला हसूच फुटलं. आमच्या मालवणीत मिया म्हणजे मी. दारावर थाप पडते, आतून कुणी ‘कोण ता?’ विचारतं, तेव्हा बाहेरचा माणूस नाव सांगत नाही. नुसतं ‘मिया’ म्हणतो आणि आवाज ओळखून दार उघडतं. तिकडे आई लेकीला ‘माझी’ म्हणते, इकडे त्याच शब्दात लेक म्हणते ‘मी’. मध्ये एवढा समुद्र असून हे जुळलं कसं?

पाठीत बायकांचे धपाटे पडू लागले. “आत्याबाई, सांगा लवकर!”

मनात तयार ठेवलेलं दुसरं नाव मी गिळलं आणि बाळाच्या कानात विचारलं, “कोण गो तू?”

तिला बोलता येत नव्हतं, म्हणून उत्तरही मीच दिलं.