पेडणेकर सरांचं लाकडी मशीन

हवाई दलात गेलेल्या माणसांकडे किस्से असतातच. पण माझा अनुभव असा की, हवाई दलात जायची तयारी करून न गेलेल्यांकडे त्याहून जास्त असतात. गेलेल्यांना पुढे विमानं मिळतात, बदल्या मिळतात, बोलायला नवे विषय मिळतात. आमच्याकडे तयारी तेवढी उरली. चार मित्र जमले आणि दुसरा चहा झाला की कोणीतरी म्हणतोच, "तुझ्या त्या सरांचं सांग ना." मी सांगतो. पहिल्या एक-दोन किश्शांना हसतात सगळे. मग हळूहळू गप्प होतात.

एकोणनव्वद-नव्वदच्या आसपासची गोष्ट. आम्ही तिघे होतो. मी बदलापूरचा. हरेश उल्हासनगरचा, कॅम्प चारमधल्या कापड दुकानदाराचा मुलगा. आणि विनय गायकवाड अंबरनाथचा. विनयचे वडील एमआयडीसीत फिटर होते. आम्हा तिघांत खरा पायलट तोच होता. आम्ही दोघं आपले हौशी. आकाशात विमानाचा आवाज आला की आम्ही वर बघायचो, हा डोळे मिटून इंजिन ओळखायचा. जूनमध्ये त्याचं भरतीचं वय उलटत होतं. वडिलांनी स्पष्ट सांगितलं होतं, "एकदा जाऊन ये. नाही झालं, तर माझ्याबरोबर कारखान्यात यायचं. मग विमानाचं नाव काढायचं नाही."

शिकवायला पेडणेकर सर. हवाई दलातून निवृत्त झालेले. निवड केंद्रावर, म्हणजे जिथे मुलांची मुलाखत आणि चाचण्या होतात तिथे, त्यांनी बरीच वर्षं काढली होती. अंबरनाथ पूर्वेला, शिवमंदिराच्या बाजूला त्यांचं छोटंसं बैठं घर होतं. जाळी लावलेल्या व्हरांड्यात आमची शिकवणी चालायची. फी नाही. फक्त बूट पॉलिश केलेले हवेत.

* * *

तिथल्या चाचण्यांत एक शब्दांची असते. एक शब्द दाखवतात, पंधरा सेकंदांत त्यावर वाक्य लिहायचं, लगेच पुढचा शब्द. असे साठ शब्द. सर जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर शब्द लिहून आणायचे आणि एकेक पान उलटायचे. महिन्याभरात आमचे हात इतके सरावले की डोक्याची गरजच उरली नाही. शब्द दिसला की पेन चालायचं.

एकदा शब्द आला 'दरवाजा'. हरेशने लिहिलं, "माझे वडील दारात अनवाणी उभे आहेत."

साठ शब्द संपल्यावर सरांनी वाक्यं तपासली. या वाक्याखाली लाल रेघ मारली आणि म्हणाले, "काहीतरी आशादायक लिही. हे काय रडगाणं?"

तेवढ्यात फाटकाची कडी वाजली. हरेशचे पप्पा उभे होते. आजी गेल्याचं सांगायला उल्हासनगरहून रिक्षा करून आले होते, आणि घाईत चपला घालायच्या राहून गेल्या होत्या.

पंधरा दिवसांनी हरेश परत आला तेव्हा मी त्याला विचारलं, हे तुला सुचलं कसं? तो म्हणाला, "सोचा ही नहीं यार. पंधरा सेकंदांत विचार करायला टाइम कुठे असतो?"

* * *

दुसरी चाचणी चित्रांची. धूसर चित्र दाखवतात, त्यावर चार मिनिटांत गोष्ट लिहायची. शेवटचं कार्ड मात्र कोरं असतं. पांढरं, काहीच नाही. त्यावर आपल्या मनातली गोष्ट लिहायची.

एका रविवारी सरांनी कोरं कार्ड धरलं. आम्ही तिघे पाठीला पाठ लावून बसायचो, म्हणजे कॉपीचा प्रश्नच नाही. सरांची एक सवय होती, आमच्याबरोबर तेही लिहायचे. चार मिनिटं झाली, कागद गोळा झाले. सरांनी माझा वाचला, मग विनयचा, मग हरेशचा. मग पुन्हा माझा वाचला.

"कोणी कोणाचं बघितलं?"

कोणीच नाही. पण तिन्ही गोष्टींत एक माणूस होता. रिकाम्या खोलीत खुर्चीवर बसलेला, हातात घड्याळ घेऊन कोणाची तरी वाट बघणारा. माझ्या गोष्टीत तो डॉक्टर होता, विनयच्या गोष्टीत मास्तर, हरेशच्या गोष्टीत व्यापारी. घड्याळ तिघांकडे होतं.

विनय म्हणाला, "सर, तुम्ही काय लिहिलंत?"

सरांनी आपला कागद घडी करून खिशात ठेवला आणि सुट्टी दिली.

* * *

निवड केंद्रावर नाव चालत नाही. छातीवर नंबर बांधतात, आणि तिथे असेपर्यंत तेच तुमचं नाव. सवय व्हावी म्हणून सरांच्या बायकोने, म्हणजे काकूंनी, पांढऱ्या कापडावर नंबर शिवून दिले होते. विनय सात, मी नऊ, हरेश अकरा. मधले आकडे का गाळले, तर सर म्हणाले, "मधली मुलं नापास होऊन गेली असं समजा."

विनयला सवय फारच झाली. घरी आई जेवायला हाका मारून थकायची आणि हा ढिम्म बसायचा. शेवटी त्याच्या बहिणीने युक्ती काढली. ती दारातून "सात नंबर" म्हणायची आणि हा ताडकन उभा राहायचा. गायकवाडांच्या घरात यावर बरेच दिवस हसणं चाललं.

आम्ही सकाळी चिखलोलीच्या धरणाकडे पळायला जायचो. पुढे आम्ही एका ओळीत, मागे सर सायकलवर. दर थोड्या वेळाने सर म्हणायचे, "गिनती." की आम्ही पुढून क्रमाने नंबर सांगायचो. जानेवारीत एकदा असं धुकं होतं की पुढच्याची पाठ दिसेना. सर म्हणाले, "गिनती."

"सात."

"नऊ."

"अकरा."

"बारा."

आवाज हरेशच्या लगेच मागून आला. चांगला, स्वच्छ, तरुण मुलाचा आवाज होता. हरेशचा वेग कमी झाला, तसे मागून सर म्हणाले, "मागे बघायचं नाही. पळा."

आम्ही पळालो. उन्हं वर आल्यावर, धुकं विरल्यावर थांबलो. तिघेच होतो. त्या दिवसानंतर सरांनी गिनती बंद केली आणि पळताना ते आमच्या पुढे राहायला लागले.

* * *

आता लाकडी मशीनबद्दल. पायलटसाठी एक मशीनवरची चाचणी असते. खुर्चीत बसायचं, हातात दांडा, पायाखाली पेडल. समोर एक ठिपका सारखा पळत असतो, तो हातापायांनी सांभाळून चौकटीत ठेवायचा. वर बाजूला दिवे लागतात, तेही विझवायचे. मुलाखतीला तुम्ही पुन्हा जाऊ शकता, ही चाचणी मात्र आयुष्यात एकदाच. इथे नापास झालात तर पायलट व्हायचा दरवाजा कायमचा बंद. तुमचं नाव रजिस्टरमध्ये चढतं आणि ते खोडता येत नाही.

सरांनी तसलंच एक मशीन घरी बनवलं होतं. हरेशने फर्निचर बाजारातून खुर्ची आणली, पेडल जुन्या शिलाई मशीनचे, दांडा म्हणजे क्रिकेटचा स्टंप. पुठ्ठ्यावर रंगवलेली चौकट आणि तिच्यापुढे दोऱ्यांवर लटकणारा टॉर्चचा बल्ब, वर बटणाने विझणारे दोन छोटे दिवे. दांडा आणि पेडल हलवले की बल्ब हलायचा. पण तो आपण होऊन पळायला हवा ना? त्यासाठी सर पडद्यामागे बसून दुसरी दोरी ओढायचे. विनय जीव तोडून बल्ब चौकटीत आणायचा आणि सर तिकडून तो बाहेर ओढायचे. वर पडद्यामागून हसायचे. तासभर हा खेळ चालला की काकू कोकम सरबत आणायच्या.

विनय यात पक्का झाला होता. सर त्याच्यासमोर नाही, पण आम्हाला म्हणाले होते, "हा पोरगा तिथल्या मशीनला ऐकणार नाही. हा निघतो बघा."

* * *

शिवरात्रीच्या जत्रेच्या आधीचा रविवार. मंदिराकडे पाळण्यांचे सांगाडे उभे राहत होते, त्यामुळे दिवस पक्का लक्षात आहे. दुपारी तीनला आम्ही गेलो तेव्हा सर व्हरांड्यात उभेच होते. कडक इस्त्रीची पँट, पांढरा शर्ट. एरवी घरी ते लेंग्यावर असायचे.

त्या दिवशी सर मराठीत एक शब्द बोलले नाहीत. नुसतं इंग्रजी, आणि तेही कागदावरून वाचल्यासारखं. सूचना एकदाच मिळतील. प्रश्न विचारायचे नाहीत. सुरुवात झाली की थांबायचं नाही. आम्हाला वाटलं, आज सर खरोखरची चाचणी करून दाखवताहेत. चांगलंच आहे, म्हटलं.

"नंबर सात."

विनय बसला. सर त्याच्या बाजूच्या स्टुलावर बसले, हातात घड्याळ. बल्ब पळायला लागला. मी हरेशकडे बघितलं. सर इथे बसलेत, तर दोरी कोण ओढतंय? हरेशने खांदे उडवले. मला वाटलं, सरांनी मोटर बसवली असेल.

विनयचं पहिल्यांदाच बिघडलं. बल्ब डावीकडे गेला तो येईचना. तो घाबरला, पेडल उलटं मारलं, दिवे विझवायचे राहिले. चार मिनिटांनी सर म्हणाले, "स्टॉप."

विनय म्हणाला, "सर, परत एकदा बसतो. आज हात गार पडलाय."

"वन्स ओन्ली," सर म्हणाले. त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि वही त्याच्यापुढे सरकवली. त्याने सही केली. आम्हा दोघांना बसवलंच नाही. काकू काही बाहेर आल्या नाहीत, सरबतही नाही. आम्ही बूट घालून निघालो.

पुढच्या आठवड्यात सर नेहमीसारखे लेंग्यावर होते, मराठीत हसत होते. त्या रविवारचा विषय त्यांनी काढला नाही. विनयची लाज राखताहेत असं समजून आम्हीही काढला नाही.

* * *

विनयला निवड केंद्राच्या बोलावण्याचं पत्र एप्रिलमध्ये आलं. त्याच्या आईने नवा शर्ट शिवून घेतला होता. वडील स्टेशनपर्यंत सोडायला आले, आणि ज्या माणसाने विमानाचं नाव काढू नको म्हटलं होतं त्याने जाताना विचारलं, "खिडकीशेजारी बसायला देतात का रे पायलटला?" मला तेव्हा भरून आलं होतं.

चौथ्या दिवशी तो परत आला. आम्हाला काही न सांगता थेट सरांच्या घराकडे चालायला लागला, आम्ही त्याच्या मागे. सर व्हरांड्यात वर्तमानपत्र वाचत होते. काकू तांदूळ निवडत होत्या.

"मशीनवर बसूच दिलं नाही, सर," विनय म्हणाला. "पहिल्याच सकाळी कागद तपासताना थांबवलं. म्हणाले, तू आधी येऊन नापास झालायस, आता पुन्हा बसता येणार नाही. मी म्हटलं, मी पहिल्यांदाच आलोय. त्यांनी रजिस्टर दाखवलं. माझं नाव, माझी जन्मतारीख, अंबरनाथचा पत्ता. सही माझीच आहे, सर. मी नाही म्हणूच शकलो नाही."

सरांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. "परीक्षकाची सही कोणाची होती?"

"तुमची."

"मला निवृत्त होऊन सहा वर्षं झाली." सर खुर्चीत पुढे सरकले. मग म्हणाले, "तारीख बघितलीस?"

"शिवरात्रीच्या आधीचा रविवार. आपण इथे चाचणी घेतली तो. मी त्या दिवशी वहीत सही केली होती."

"कुठल्या वहीत? त्या रविवारी तुम्ही आला होतात?"

आम्ही तिघेही हो म्हणालो.

"मी हरेशच्या दुकानात फोन करून निरोप ठेवला होता, येऊ नका म्हणून. आम्ही पुण्याला मुलीकडे गेलो होतो."

हरेश हळू आवाजात म्हणाला, "पप्पा सांगायला विसरले असतील."

काकूंचा हात ताटावर थांबला होता. "शुक्रवारी गेलो ते मंगळवारी आलो," त्या म्हणाल्या. "जाळीला बाहेरून कुलूप होतं. किल्ली माझ्याकडेच होती."

विनयने आमच्याकडे बघितलं, मग सरांकडे. त्याच्या अंगावर तो नवा शर्ट होता.

"सर," तो म्हणाला, "मग मला नापास कोणी केलं?"