प्रोस्टेटची गोळी आणि अळणी वरण

आमच्या घरात प्रोस्टेटची गोळी सलग तीन दिवस माझ्या बायकोने घेतली.

बायकांना प्रोस्टेट नसतो, हे मला ठाऊक आहे. (निवृत्त शिक्षक आहे मी, अगदीच अडाणी नाही!) चूक तिचीही नव्हती. सगळी करणी माझी.

झालं असं, की तालुक्याच्या, म्हणजे भूमच्या डॉक्टरांनी मला तपासून सांगितलं, "गुरुजी, प्रोस्टेट वाढलाय. ही गोळी घ्या, लघवीला अडणार नाही. हिच्यानं बीपी थोडं उतरतं, म्हणून बसल्यावरनं उठताना सावकाश उठायचं." एवढ्या लांब सल्ल्यातला 'बीपी' हा एकच शब्द मी आमच्या ईट गावी घरी घेऊन आलो. कारण दारातच सुमनने विचारलं, "कशाची गोळी दिली?" आता अडतीस वर्षं संसार केलेल्या बायकोला लघवीची तक्रार सांगायची कशी? मला भारी लाज वाटली.

"बीपीची," मी म्हणालो.

सुमनला स्वतःला सहा वर्षांपासून बीपी. जोडीदार मिळाल्याचा तिला केवढा आनंद! त्याच दिवसापासून माझं मीठ बंद. वरण अळणी, भाजी अळणी, लोणच्याची बरणी फडताळाच्या वरच्या खणात आणि ठेचा तर घरातूनच हद्दपार! "तुमच्यासाठीच करतीया," ती प्रेमाने म्हणायची आणि मी मान डोलवत ते अळणी वरण भुरकायचो. चार महिने! आणि माझं बीपी मुळात एकदम ठणठणीत!

मग सुमनच्या गोळ्या संपल्या. "उद्या भूमवरनं आणतो," असं मी तिला लागोपाठ तीन दिवस सांगितलं.

चौथ्या दिवशी सकाळी भाकरी थापून उठताना ती डोकं धरून मटकन खाली बसली. माझा चहा सांडला.

"काय झालं गं?"

"डोळ्यापुढं अंधारी आली. गोळी तर रोज घेतीया म्या."

"कुठली? तुझ्या तर संपल्यात!"

"तुमची! बीपीचीच हाय की."

"अगं, ती तुला चालत नाही! माझं बीपी वेगळं, तुझं वेगळं!"

"बीपीत बी बायामाणसाचं आन् गड्याचं निराळं असतंय व्हय?"

उत्तर अगदी जिभेवर आलं होतं. गिळलं. तेवढ्यात शेजारच्या कौसाकाकू भिंतीला धरून धरून आमच्या दारात आल्या. "सुमे, तू दिलेली गोळी लई कडक हाय गं. उठलं की घर फिरतंय."

(आमच्या गल्लीत विरजण जसं या घरातून त्या घरात जातं, तशाच गोळ्याही जातात.)

"आणखी कुणाकुणाला वाटल्यास?" मी ओरडलो.

"वरडताय कशाला? काकूंलाच दिल्या. त्यांलाबी बीपी हाय!"

दोघींना जीपमध्ये घालून भूमला निघालो. सुमनने माझ्या खांद्यावर डोकं टेकलं होतं आणि मला मनापासून भीती वाटत होती. हिला काही झालं तर? तरीही (सांगायलाच नको खरं तर!) निम्मा रस्ता मी डॉक्टरांना एकट्यात कसं गाठायचं, याचाच विचार करत होतो.

एकट्यात कुठलं! डॉक्टरांची खोली म्हणजे एक पडदा आणि पडद्याबाहेर बाकांवर दहा-पंधरा माणसं. डॉक्टरांनी सुमनचं बीपी बसवून मोजलं, मग उभं करून मोजलं. "बसल्यावर वाढलेलं आणि उठलं की एकदम खाली. कुठली गोळी घेताय?" सुमनने पट्टी पुढे केली. डॉक्टरांनी पट्टीकडे पाहिलं, सुमनकडे पाहिलं, काकूंकडे पाहिलं आणि शेवटी माझ्याकडे.

"ही बीपीची आहे, असं कुणी सांगितलं?"

"मी!" माझा बांध फुटला. "ती माझी प्रोस्टेटची आहे! लघवी अडते म्हणून दिलेली! लाजेपायी खोटं बोललो!"

तीस वर्षं वर्गात कमावलेला आवाज तो, पडद्याने काय अडतोय? बाहेरचा खोकलासुद्धा थांबला.

"अगं बया!" काकूंनी ओठांवर हात ठेवला. "डॉक्टर, आता मला मिशा फुटत्यात का काय?"

"नाही हो काकू. ही बंद करा, आज जपून उठा-बसा. आणि पुन्हा दुसऱ्याची गोळी घ्यायची नाही." सुमनला त्यांनी तिची नेहमीची गोळी लिहून दिली. माझा जीव भांड्यात पडला.

सुमन माझ्याकडे बघत होती. मी बोलणी खायच्या तयारीत.

"म्हंजी तुमाला बीपी न्हायच?"

"नाही."

"आन् चार म्हैने अळणी वरण गपगुमान खाल्लं?"

"खाल्लं."

ती आधी तोंडाला पदर लावून हसली, मग पदर सोडून हसली. "तुमचं रातचं सारखं उठणं मला दिसत न्हाय व्हय? इचारलं तर लाजाल, म्हणून गप बसले!"

बाहेर आलो तर बाकावरचे तीन म्हातारे माझ्या मागोमाग लिंबाखाली आले. त्यातल्या एकाने इकडंतिकडं बघून हळूच विचारलं, "गुरुजी, आमालाबी तसंच हुतंय. पर घरी बायकूला सांगायचं कसं?"

"माझी पद्धत सोपी आहे," मी म्हणालो. "आधी तिला चक्कर आणायची, मग सांगायचं!"