ओतकामाचा नारळ

सोलापुरात आमची छोटी फाउंड्री आहे. आजोबांनी मागांची चाकं ओतली, अप्पांनी साखर कारखान्यांचे सुटे भाग, आणि आता मी पंपांचे भाग ओतते. धंदा बदलत गेला, भीती मात्र तीच राहिली. पाण्याची! साच्यात चूळभर पाणी असलं आणि त्यावर लोखंडाचा रस पडला, की स्फोट होऊन सगळा रस अंगावर उसळतो. आजोबांचा एक डोळा त्यातच गेला.

म्हणून अप्पा कुणाला पाण्याची बाटलीसुद्धा आत आणू देत नसत. ओतकामाआधीचा नारळही दाराबाहेरच फुटायचा. एका बड्या गिऱ्हाइकानं तो साच्यावरच फोडायचा हट्ट धरला, तेव्हा अप्पा म्हणाले होते, "सायेब, देव भाईर बी हाय की!"

गेल्या वर्षापासून अप्पा विसरायला लागले. आधी चष्मा, मग नातवाचं नाव. आई म्हणायची, वय झालं, चालायचंच. पण अप्पा रोज फाउंड्रीत यायचे. ज्यांनी मला भट्टीपुढे उभं राहायला शिकवलं, त्यांना घरी बसा म्हणायची माझी छाती होत नव्हती.

त्या सकाळी रस तयार झाला. दोन कामगार रसानं भरलेलं भांडं, लॅडल, उचलून साच्याशी आले. तेवढ्यात अप्पा नारळ घेऊन सरळ आत शिरले, वाकले आणि साच्याच्या लोखंडी कडेवर त्यांनी तो फोडला. सगळं पाणी साच्याच्या तोंडात गेलं.

"थांबा! ओतू नका!" मी किंचाळले. लॅडल कलायला लागलं होतं. कामगारांनी ते कसंबसं सावरलं आणि रस बाजूच्या कोरड्या वाळूत ओतून टाकला. मी अप्पांना दंडाला धरून मागे खेचलं.

अप्पांनी साच्याकडे पाहिलं. त्यांचा चेहरा लालबुंद झाला.

"हितं पानी कुनी घातलं?" ते कामगारांवर ओरडले. "माझ्या पोरीला मारताय व्हय रं? कोन हाय त्यो? आत्ताच्या आत्ता घरी घालवा त्याला. पुन्ना ह्या दारात दिसता कामा न्हाय!"



"व्हय, अप्पा," मी म्हणाले, आणि त्यांचा हात धरून घरची वाट धरली.