मंगळवारची दहा मिनिटं

आमच्या मंडळाने भिवंडीत नारपोलीच्या हॉलमध्ये सिनेमा दाखवला, तो मी निवडला होता. परदेशी, हिंदीत डब केलेला. बाप पोरीला सुट्टीला म्हणून दुसऱ्या देशात नेतो, परत आणतच नाही, आणि आई दोन तास कोर्टाच्या पायऱ्या चढत राहते. हॉलभर हुंदके. ज्या काकांनी स्वतःच्या सुनेला वर्षभर माहेरी जाऊ दिलं नव्हतं, तेही चष्मा काढून डोळे पुसत होते. दुःख दूरच्या देशातलं असलं की आमच्याकडे माणुसकीला कसली कमतरता नसते.

मग चर्चा. वकीलबाईंनी सांगितलं, अशी मुलं परत पाठवण्यासाठी देशादेशांत एक करार आहे आणि आपल्या देशाने त्यावर सही केलेली नाही. टाळ्या पडल्या. कशासाठी, ते टाळ्या वाजवणाऱ्यांनाच ठाऊक. मी माइक घेऊन शेवटच्या रांगेत गेले. तिथे आमच्या गल्लीतली आपा बसली होती. तिला मीच ओढून आणलं होतं, कारण तिची पाच वर्षांची मुलगी अशीच गेली होती. नवरा आखातात नोकरीला. महिनाभर फिरवून आणतो म्हणून त्याने लेकीला नेलं, त्याला दीड वर्ष झालं. चौकीतले साहेब म्हणाले होते, बापानेच नेली ना, मग पळवली कशी म्हणता?

"आपा, सिनेमा बघून काय वाटलं?" मी विचारलं.

"त्या बाईचं घर किती शांत हाय गं," ती म्हणाली.

मला न्याय, लढा असलं काहीतरी हवं होतं. मी माइक पुढच्या बाईकडे दिला.

आपा सासरीच राहायची. त्यांच्या खोलीची मागची भिंत शेठच्या लूमच्या, म्हणजे यंत्रमागांच्या, शेडला लागून. लूम चालू असताना त्या घरात बोलायचं म्हणजे कानाशी तोंड नेऊन ओरडायचं. भिवंडीत लूमला सुट्टी शुक्रवारी, तिकडे आखातातही सुट्टी शुक्रवारची. म्हणून नमाजनंतर नवऱ्याचा व्हिडिओ कॉल यायचा. फोन दिराचा, स्पीकर चालू, सासू-सासरे समोर. इअरफोन लावायचा नाही, फोन घेऊन बाहेर जायचं नाही, ही नवऱ्याची अट. दहा मिनिटं. तेवढीच तिची लेक.

मी अक्षरं शिकले बाबांच्या युनियनच्या पत्रकांवर. त्यामुळे कुठलंही दुःख पाठपोट छापलेल्या एका कागदाने सुटतं, अशी माझी समजूत. सिनेमाच्या दुसऱ्याच दिवशी मी पत्रक लिहिलं. मथळा: 'गल्लीतली लेक परत द्या!' आपाला मी तसं सांगितलं. विचारलं नाही. विचारायचं असतं हे आमच्या एकाही पत्रकात लिहिलेलं नव्हतं. गल्लोगल्ली वाटलं, शेडमध्येही दिलं. शेडमधले सगळे कारीगर उत्तरेकडचे, मराठी वाचणारा एक नाही. त्यांनी त्यावर रोट्या ठेवल्या. पत्रक नीट वाचलं ते एकट्या दिराने, आणि फोटो काढून भावाला पाठवलं.

नवरा मोठा समजूतदार माणूस. त्याने कॉल बंद केले नाहीत. फक्त वार बदलला. आता मंगळवारी, दुपारी तीनला.

पाच मंगळवार आपाने लेकीचे हलणारे ओठ पाहिले. लेक काहीतरी बोलायची, हसायची. आपा "काय? काय गं?" ओरडायची, आणि भिंतीपलीकडे लूम खडाखडा चालू. सहाव्या सोमवारी तिने मला जिन्यात अडवलं.

"बाय, तुझ्या बापाने लूम बंद पाडायला जिंदगी घातली ना?"

"हो."

"मग उद्या तू दहा मिनिटं बंद पाड. पोरीचा आवाज इसरायला झालाय मला. आणि ह्या टायमाला कागद न्हाय पायजे."

शेठवर आमच्या घरातून तीन पत्रकं निघाली होती. त्यांतल्या एकात 'रक्तपिपासू' हा शब्द होता आणि तो मीच सुचवला होता, नववीत असताना. मंगळवारी पावणेतीनला मी त्याच शेठसमोर उभी राहिले.

"या, नेत्याची पोरगी!" शेठ खूश झाला. "आज काय आहे मी? जळू की गिधाड?"

"शेठ, दहा मिनिटं लूम थांबवा." मी कारण सांगितलं.

तो म्हणाला, "माझं काय जातंय? कारीगरांना कापडाच्या मीटरवर मजुरी, नुकसान त्यांचं. त्यांना विचार. लोकशाही आहे ना तुमची?"

मालकाच्या तोंडी लोकशाही यायला आपल्या खिशातलं काही जात नाही एवढी खात्री पुरते. पण तो चुकीचं बोलत नव्हता, हे जास्त झोंबलं. मी शेडमध्ये शिरले आणि सर्वांत म्हाताऱ्या कारीगराच्या कानाशी ओरडून सांगितलं.

"बच्ची का फोन है?" तो म्हणाला. "तो पहले बोलना था ना, बिटिया. हम समझे तुम फिर कागज बाँटने आई हो."

त्याने आपले लूम थांबवले. शेजाऱ्याला खूण केली, त्याने पुढच्याला. बाबांना आयुष्यभर न जमलेला संप दोन मिनिटांत झाला, तोही घोषणेशिवाय. शेडमध्ये इतकी शांतता पसरली की वरचा पंखा किती कुरकुरतो ते पहिल्यांदा कळलं. आपाच्या खोलीला लागलेल्या भिंतीला जाळी होती. तिच्यातून आपाची पाठ दिसत होती, तिच्यापुढे फोन, बाजूला सासू-सासरे आणि वैतागलेला दीर.

तीनला फोन वाजला.

"अम्मी?" लेकीचा आवाज आला. स्वच्छ. आपाने दोन्ही हात तोंडावर दाबले.

"बोल, माझी बाय. बोल. ऐकू येतंय मला."

"अम्मी, खडखड कुठं गेली?"

"बंद केली, तुझ्यासाठी."

"का बंद केली?" पोर रडकुंडीला आली. "मला ती ऐकायची हाय. ती असली की आपलं घर वाटतं. शुक्रवारी घर येगळंच वाटायचं. चालू कर ना!"

आपा जाळीकडे वळली. चेहरा ओला होता, आवाज अगदी खणखणीत.

"बाय, चालू करायला सांग."

"आपा, अजून आठ मिनिटं आहेत. परत काही ऐकू येणार नाही तुला."

"मी ऐकला आवाज. आता तिला ऐकू दे."

मी म्हाताऱ्याकडे बघितलं. त्याला मराठी येत नव्हतं, पण त्याचा हात आधीच लूमवर गेला होता.