तिला हाक, मला दिवा

आम्हा दोघी बहिणींना घरात कोणी हाक मारत नसे. दोघींनाही लहानपणापासून कमी ऐकू येतं. मागच्या शेडमध्ये आप्पांचे यंत्रमाग चालतात. चहा हवा असला की ते तिथलं बटण खालीवर करत, स्वयंपाकघरातला दिवा लुकलुके आणि आमच्यातली एक उठे. दिवा दोघींसाठी सारखाच लागायचा, म्हणून माझी तक्रार नव्हती.

मग धाकटीने आपलं कानाचं मशीन घरीच सेट केलं.

विकणारे सेटिंग आपल्या ताब्यात ठेवतात, बारीकशा बदलासाठी दुकानाची पायरी चढायला लावतात, याविरुद्ध पत्रकं मी लिहिली. ‘कान आमचे, किल्ली तुमच्याकडे का?’ हा मथळा माझा. अक्कलकोटच्या एसटी स्टँडवर उन्हात उभी राहून ती वाटली मी. धाकटीने एकही वाटलं नाही. तिने वायर मागवली, लॅपटॉपला जोडली, हेडफोन लावून कान तपासले, कुठला सूर किती ऐकू येतो त्याचा आलेख मशीनमध्ये भरला, संपलं. दुसऱ्या दिवशी आप्पांनी शेडच्या दारातून आमच्या घरच्या तेलुगूत ‘चिन्नी’ म्हटलं, म्हणजे धाकटे, आणि ती उठली. आप्पांचा चेहरा असा फुलला की मला बघवेना.

त्यानंतर तिला हाक, मला दिवा.

त्याच आठवड्यात मीही बसले. तिची मदत? मुळीच नाही. हेडफोनमध्ये सूर वाजतो, ऐकू आला की बटण दाबायचं. सूर हळू होत जातो, ऐकू येईनासा झाला की तिथे खूण. सगळं नीट केलं. मशीन घातलं तर माझाच आवाज रांजणात तोंड घालून बोलल्यासारखा, आणि पंखा म्हणजे ट्रक. आप्पांचे शब्द त्या घुमण्यात बुडालेले. सॉफ्टवेअरविरुद्धचं पत्रक मी मनात लिहायलाही घेतलं.

धाकटीने माझा आलेख पाहिला. जाड, खर्जातले सूर मला जवळजवळ ऐकूच येत नाहीत, असं तो सांगत होता.

“अक्का, तपासताना माग चालू होते का?”

“होते की. पण घर शांत होतं.”

ती पोट धरून हसली. मागांच्या घरात वाढलेल्यांना मागांचा आवाज हा आवाज वाटतच नाही. ते बंद पडले तरच आम्ही दचकतो. त्या घरघरीने जाड सूर झाकले होते, आणि तो माझ्या कानांचा दोष समजून मशीन तेच सूर वाढवत होतं. तिने मात्र मागांच्या सुट्टीला तपासलं होतं. हेही तिलाच सुचावं.

पुढच्या सुट्टीला तिला खोलीबाहेर काढून मी पुन्हा तपासलं.

दुसऱ्या दिवशी खडखडाटापलीकडून ‘चिन्नी’ आलं. धाकटीचे हात पिठात होते. मी आधी उठले, चहा घेऊन शेडमध्ये गेले. आप्पांनी ओठ ठळक हलवत सांगितलं, तुला नाही, तिला बोलावलं.

“ऐकू आलं,” मी म्हटलं, “म्हणून आले.”

त्यांनी कप घेतला नाही. आधी दिव्याच्या बटणाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मला पाठ फिरवायची खूण केली आणि मागून म्हणाले, “अम्मा.” तेलुगूत बाप लेकीला मायेने अशीच हाक मारतो.

मी वळले. दारात धाकटी पिठाच्या हातांनी उभी होती. तिचा चेहरा पडलेला असावा, अशी माझी फार इच्छा होती. ती हसत होती, आणि मला त्याचाही राग आला.