फ्रेममधलं आभारपत्र

बर्मिंगहॅममधली आमची शनिवारची मराठी शाळा मेथॉडिस्ट चॅपलच्या हॉलमध्ये भरते. हॉलची किल्ली एका निवृत्त हेडमिस्ट्रेस बाईंकडे असते. वय पंच्याऐंशी, आणि गप्पांत फक्त स्वतःचं घराणं. पणजोबा पाद्री, आजोबा पाद्री, घरातल्या बायका झाडून सगळ्या शिक्षिका. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी पणजोबांनी दख्खनमध्ये मुलींची शाळा चालवली आणि परतताना चार वर्षांची एक अनाथ पोर सोबत आणली, लेक म्हणून वाढवली. तीच बाईंची आजी. हे सगळं ऐकून ऐकून माझे कान किटले होते.

गेल्या महिन्यात त्यांनी मला घरी बोलावलं. भिंतीवर फ्रेममध्ये एक पिवळं पडलेलं पत्र होतं. ते हिंदुस्थानातून आलं तेव्हा पणजोबा नुकतेच वारले होते, आणि घरात मराठी वाचता येणारे तेवढेच एक होते.

"आभार मानलेत शाळेबद्दल," बाई म्हणाल्या. "आमच्या घराला लोक आभाराचीच पत्रं लिहायचे. रविवारी चॅपलमध्ये वाचून दाखवायचंय. इंग्रजी करून देशील?"

मी ऐटीत चष्मा लावला. पत्र कोणाकडून तरी लिहवून घेतलेलं, अक्षर सुबक. दुसरीच ओळ मी दोनदा वाचली.

'साहेब, मी मेले नाही. दुखण्यात होते म्हणून पोर तुमच्या शाळेत ठेवली. बरी होऊन न्यायला आले, तर म्हणाले तिला विलायतेला नेली. माझी पोर परत पाठवा.'

वेळ मारून नेण्यात मी पटाईत आहे, आभाराची चार गोड वाक्यं सहज रचली असती. पण या आईचं शंभर वर्षांत कोणी ऐकलं नाही, आणि आता मीही तिचं तोंड दाबायचं? माझं डोकंच फिरलं. जे होतं ते सगळं सांगितलं.

"चुकीचं वाचलंस," बाई म्हणाल्या. मी एकेका शब्दावर बोट ठेवून पुन्हा वाचलं. त्या खुर्चीत बसल्या.

"आजी म्हणायची, माझं जगात कोणी नाही," त्या म्हणाल्या. "तिला मराठी वाचता यायचं नाही, पण तिच्या देशातून आलेलं म्हणून हे पत्र तिचं फार लाडकं. दर शनिवारी ही काच ती स्वतः पुसायची. आम्हाला हात लावू द्यायची नाही."