हवेच्या तराफ्याचा तंटा

आमचे हे ट्यूबवाले. ट्रॅक्टरच्या ट्यूबा जोडतात, पंक्चर काढतात आणि उरलेल्या वेळात माझं डोकं खातात. गोदावरी गावाला लागून, पण पूल न्हाई. पलीकडं जायचं तर केवढा वळसा. मंग यांनी जुन्या ट्यूबा, ताडपत्री आणि वर फळ्या टाकून तराफा केला. हवा भरली की त्यावर अख्खी जीप चढायची! मी म्हटलं, बुडेल. मेला बुडाला न्हाई.

आमच्याकडं नवी वस्तू पूजेशिवाय वापरणं बिलकुल चालत न्हाई. यांनी गावजेवण ठेवलं आणि नारळ फोडायला बोलावलं कोणाला? तर ज्यांच्याकडून ताडपत्री घ्यायचे, त्या जालन्याच्या कारखानदारांना. शाल, फेटा, गुलाल, सगळं बराबर. साहेबांनी नारळ फोडला, जीपमध्ये बसून पलीकडं जाऊन आले, वर बुंदी मागून घेतली.

पुढं त्याच साहेबांची नोटीस आली. तराफ्याचं पेटंट मागितलंय, म्हणजे कल्पना त्यांची. तुम्ही बनवणं बंद करा. माझं तर टाळकंच सटकलं. बुंदी खाताना लाज न्हाई वाटली? हे मात्र पायरीवर बसून राह्यले. "आता जन्मभर पंक्चरच काढू काय?" म्हणाले. तराफ्यात जीव होता त्यांचा. मला बघवत नव्हतं.

संभाजीनगरच्या वकीलबाईंकडं गेलो, तर त्यांनी आधी यांनाच झापलं. "अर्ज आधी करायचा असतो, दाखवायचं नंतर! अख्ख्या गावाला दाखवलंत?"

"व्हिडिओ पण टाकला गावच्या ग्रुपवर," हे खाली मान घालून म्हणाले.

बाईंनी कपाळाला हात लावला. तरी व्हिडिओ बघितला आणि एकदम विचारलं, "हे नारळ फोडणारे कोण?"

"तेच की ते साहेब."

बाई खुर्चीतून उठल्याच.

बाईंनी तो व्हिडिओ पेटंटच्या हापिसात दिला आणि साहेबांचा अर्ज फेटाळला गेला. गावासमोर ज्याचा नारळ स्वतः फोडला, ती वस्तू नंतरच्या अर्जात नवी कशी ठरणार? मी पेढे आणायला निघाले, तेवढ्यात यांनी विचारलं, "मंग आता पेटंट माझं ना?"

"नाही हो," बाई हळू आवाजात म्हणाल्या. "आधीच दाखवल्यामुळे ते तुम्हालाही मिळणार नाही. आता कोणीही बनवावा. तुम्हीही, तेही."

परतीच्या एसटीनं बदनापूर गाठलं, तरी मी मनातल्या मनात त्या साहेबांच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होते.

मंग हे म्हणाले, "पलीकडच्या काठचे लोक कवापासून विचारून राह्यलेत, तराफा बनवायला शिकवता का म्हणून. मीच न्हाई म्हणत होतो. म्हटलं, आपली कल्पना हातची जाईल."

"आता?"

"आता काय जायचं राह्यलंय? उद्याच जातो."

मला रडू आलं, खोटं कशाला बोलू. तोंड खिडकीकडं फिरवलं.

"रडू नको," हे म्हणाले. "ट्यूबा धरायला कोणीतरी लागतं. तू पण चल."